एका अक्षराच्या दोन नोंदी

देवळाली कॅम्पच्या पाटीवरील अक्षरे माणसाच्या डोळ्यांस जेवढी दिसतात तेवढीच यंत्रास दिसतात असे नाही. ‘देवळाली’ या चार अक्षरी नावाचे यंत्राच्या दप्तरी सात क्रमांक होतात, कारण युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत व्यंजनास आणि त्याच्या काना, मात्रा, वेलांटीस निरनिराळे क्रमांक मुक्रर केलेले असून, त्यांची जुळणी करून पडद्यावर आकृती उमटविण्याचे काम फाँटकडे सोपविलेले आहे.

कोरियन लोकांची हंगुल लिपीही, जी राजा सेजोंगने १४४६ साली प्रजेस अर्पण केली, सुट्या वर्णांच्या संयोगानेच अक्षर बांधते. परंतु १९८७ च्या त्यांच्या राष्ट्रीय मानकाने वर्णांऐवजी २,३५० तयार अक्षरांनाच क्रमांक दिले, आणि जे अक्षर त्या यादीत नाही ते लिहिण्याची सरळ सोय उरली नाही. युनिकोडमध्ये १९९३ पर्यंत ही संख्या ६,६५६ झाली होती. तेवढ्याने समाधान न होता, १९ आद्य व्यंजने, २१ स्वर आणि अंत्य व्यंजनाच्या, त्याच्या अभावासह, २८ शक्यता यांच्या गुणाकाराने होणारी सर्व ११,१७२ अक्षरे १९९६ साली समाविष्ट करण्यात आली. त्यासाठी आधीच्या अक्षरांचे क्रमांकही बदलले, म्हणजे जुने लेख नव्या यंत्रावर निरर्थक ठरण्याचा धोका जाणूनबुजून पत्करला. असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून, एकदा दिलेला क्रमांक कधीही हलवावयाचा नाही, हा दंडक युनिकोडने त्यानंतर घालून घेतला.

या खटाटोपात मला ११,१७२ या आकड्याचे अप्रूप वाटत नाही. आपल्या जोडाक्षरांची अशी यादी करू गेल्यास ती कोठे संपावी हेच ठरणार नाही. अप्रूप वाटते ते याचे की, कोणी सुटे वर्ण जुळवून लिहिले काय किंवा तयार अक्षर घेतले काय, दोन्ही लेखन एकच समजावे असा नियम हंगुलसाठी युनिकोडमध्येच नमूद आहे.

मराठीच्या वाट्यास हे भाग्य आलेले नाही. ‘कऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ किंवा ‘गोऱ्हे’ या नावांतील तो आडवा, पापणीसारखा रकार ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त चिन्ह जोडून लिहिता येतो, तसाच साध्या ‘र’ ला हलन्त चिन्ह आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. पहिली पद्धत मूळ भारतीय मानकास अनुसरून आहे. दुसरी युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून राखलेली. कागदावर दोहोंत तिळमात्र फरक दिसत नाही, मात्र शोध घेणाऱ्या यंत्रास स्वतंत्र तजवीज करून दिली नसेल तर त्याच्या लेखी ही दोन भिन्न नावे होत, आणि मतदारयादीत असलेला मनुष्य नसल्यासारखा होतो.

देवळाली कॅम्पला लागूनच असलेल्या भगूर गावी १८८३ साली जन्मलेल्या सावरकरांनी छापखान्यातील खिळ्यांचा पसारा आटोपावा म्हणून ‘अि’, ‘अु’, ‘अे’ ही अ-ची बाराखडी पुरस्कारिली होती. त्या पद्धतीने छापलेला मजकूर आज अक्षरशः संगणकावर चढविला तर ‘इतिहास’ शोधणारास ‘अितिहास’ सापडणार नाही, कारण ‘इ’ चा क्रमांक एक आणि ‘अि’ चे दोन. परंतु तेथे निदान डोळ्यांस भेद दिसतो, आणि ती सुधारणा विचारपूर्वक केलेली होती. रकाराचा घोळ कोणीच विचारपूर्वक केलेला नाही, म्हणूनच तो कोणास आपला वाटत नाही.

राज्य शासनाने अक्षरांच्या आकारासंबंधी २००९ साली निर्णय काढला होता, तेव्हा लिपी हा सरकारी कक्षेबाहेरचा विषय आहे असे म्हणण्यास जागा नाही. आता सातबारा, जन्मनोंद, मतदारयादी या सर्व दप्तरांत ‘ऱ’ चीच पद्धत कायम करावी, जुन्या नोंदी एकवार तपासून त्याच वळणावर आणाव्यात, आणि शोधाच्या वेळी दोन्ही रूपे एकच मानण्याची अट संगणक-व्यवस्था पुरविणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराच्या करारनाम्यात घालावी.