अग्निवीर पोरी गावी परतणार. बाळंतपणाची फाईल कुणाच्या टेबलावर?

कागल : सैन्यात जाणं कोल्हापूर जिल्ह्याला नवं नाही. शिरोळ तालुक्यात एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. आता पोरीही जातात, पण त्यातल्या बऱ्याच चार वर्षांच्या अग्निवीर म्हणून. नौदलाच्या पहिल्या तुकडीत 273 मुली होत्या. मार्च 2023 मध्ये त्या ओडिशातल्या आयएनएस चिल्कातून बाहेर पडल्या. 2022 च्या अखेरीस रुजू झालेल्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्या गावी.

त्यावेळी बहुतेकींचं वय 22 ते 25 च्या घरात असेल. म्हणजे आमच्याकडं लग्नाचं आणि पहिल्या बाळंतपणाचं वय. अडचण इथंच आहे.

पेन्शनवर आलेल्या सैनिकाला आणि त्याच्या बायकोला ईसीएचएस कार्ड मिळतं. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून आहे, कोल्हापुरात पॉलिक्लिनिकही आहे. चार वर्षांनी सुटलेल्या अग्निवीराला ना पेन्शन, ना माजी सैनिकाचा दर्जा, ना हे कार्ड. सेवानिधीचे साधारण दहा-अकरा लाख मिळतात, पण सिझेरियन आणि बाळ काचेत ठेवायची वेळ आली तर खासगी दवाखान्यात पैसा कसा जातो, हे वेगळं सांगायला नको.

मग उरतं काय? अशी मुलगी पंचतारांकित एमआयडीसीत सिक्युरिटीला किंवा कापडाच्या कारखान्यात लागली आणि पगार 21 हजारांच्या आत असला, तर ईएसआय लागू होतं. त्यात पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. मात्र आधीच्या दोन सहामाहींत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. ठेकेदारानं ती भरली का, हे गरोदर राहिल्यावर नव्हे, पहिल्या पगारालाच बघायचं. नोकरी नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, आशाताईंकडं नोंद, दर महिन्याच्या 9 तारखेची मोफत तपासणी आणि मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5 हजार. दुसरी मुलगी झाली तर 6 हजार.

योजना आहेत, पण एकीचं दुसरीला माहीत नाही. चार वर्षांतलं हिमोग्लोबिन, जुनी दुखापत, पाठीचा-गुडघ्याचा त्रास हे सगळं सैन्याच्या कागदात. गावच्या नर्सताईंपुढं मात्र कोरं माता-बाल संरक्षण कार्ड. सुटताना वैद्यकीय तपासणी होते. तिच्या कागदांची प्रत मागून घेऊन आभा खात्यावर चढवली तरी निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं सरकारचं आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. परतणाऱ्या मुलींची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं द्यायची, एवढंच. पण अग्निवीर माजी सैनिक धरलेच जात नाहीत, तर ही यादी करायची कुणी, याचा निर्णय पहिली तुकडी परतायच्या आत व्हायला हवा.