सालाला गुण देताना

बारोलोचं नवं साल बाजारात आलं की आपल्या धंद्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गुण किती मिळाले? तक्त्यात पंचाण्णवच्या पुढचा आकडा दिसला की मागणी नोंदवली जाते. पंच्याऐंशीच्या आसपासचा दिसला की ते साल यादीतून बाद. आयातदार, दुकानदार, हॉटेलांच्या वाइन-याद्या ठरवणारे, सगळे असंच करतात. बारोलो ज्या द्राक्षापासून बनते त्या नेब्बिओलोच्या बाबतीत ही रीत चुकीची आहे आणि तिची किंमत शेवटी ग्राहक मोजतो.

२००० सालाचंच पाहा. ‘वाइन स्पेक्टेटर’ने बारोलोचा प्रदेश असलेल्या पिएमोंतेच्या त्या सालाला शंभरपैकी शंभर गुण दिले. हवा उबदार, माल पूर्ण पिकलेला आणि वाइन कोवळ्या वयातच मऊ. आज बरेच जाणकार त्याच्या मागच्या-पुढच्या १९९९ आणि २००१ या सालांना वरचं स्थान देतात. त्या वाइन सुरुवातीला कडक लागल्या, पण आम्लता आणि टॅनिन यांच्या बळावर टिकल्या.

२००२ची गोष्ट नेमकी उलटी. पावसाळी उन्हाळा, त्यात सप्टेंबरच्या सुरुवातीला बारोलो आणि ला मोर्राच्या बागांवर गारपीट. अनेकांनी त्या वर्षी बारोलो बाटलीत भरलीच नाही. सेर्रालुंगात मात्र रोबेर्तो कोन्तेर्नो यांनी काशिना फ्रान्चा बागेतला निवडक माल मोन्फोर्तिनो या आपल्या राखीव बारोलोसाठी ठेवला आणि त्या बागेची नेहमीची बारोलो काढली नाही. तक्त्यांनी मोडीत काढलेल्या सालातली ती मोन्फोर्तिनो आज मोठ्या आदराने उघडली जाते.

म्हणून अवघड सालाबद्दल आमची पहिली चौकशी असते ती बाटलीत न गेलेल्या मालाची. हिरवे असतानाच किती घड उतरवले? किती वाइन ‘लांगे नेब्बिओलो’ या खालच्या दर्जाच्या नावाने विकली? एकेका उताराची स्वतंत्र बाटली त्या वर्षी गाळली का? पुरवठादाराला याची उत्तरं देता येत नसतील, तर त्याने दाखवलेल्या गुणांना फारसा अर्थ नाही. नाशिक-सांगलीकडे फुलोऱ्यातली डावणी आणि काढणीच्या तोंडावरच्या गारा ज्यांनी सोसल्या आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको: एकाची बाग जाते आणि बांधापलीकडची वाचते. २०१४मध्ये बारोलोचे बागायतदार पावसाने आणि डावणीने हैराण झाले. जवळच्याच बार्बारेस्कोत पाऊस बराच कमी पडला आणि वाइनही सरस उतरली. दोन्ही भागांना एकच आकडा लावणारा तक्ता खरेदीदाराची दिशाभूल करतो.

उष्ण सालांची परीक्षा वेगळी. २००३ किंवा २०१७ची बाटली उघडल्या उघडल्या खूश करते. फळ पुढे येतं, अल्कोहोलची ऊब जाणवते आणि चाखणारा लगेच गुण देऊन मोकळा होतो. इथे घाई नको. रंग फिका, कडेला विटकरी दिसला तर तो दोष धरू नका. नेब्बिओलोचा तो स्वभावच आहे. घोट घेतल्यावर हिरड्या कुठे आवळतात ते बघा. पिकलेलं टॅनिन सगळ्या तोंडात बारीक पसरतं. उन्हात होरपळलेल्या, साल पुरती न पिकलेल्या द्राक्षाचं टॅनिन जिभेच्या मागे कोरडं आणि कडवट उरतं. मग अर्धी बाटली बूच लावून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच ग्लासात चाखा. आम्लता शाबूत असेल तर गुलाब, डांबर, सुकी चेरी हे सगळं अधिक स्पष्ट होतं. नसेल तर उरतो मुरंब्यासारखा गोडसर वास आणि घशातली जळजळ. २०१७मध्ये सप्टेंबरच्या थंड रात्रींनी बऱ्याच बागा सावरल्या. कोणाच्या, ते या दुसऱ्या दिवशीच्या घोटात कळतं.

बारोलोला नियमानेच ३८ महिने मुरावं लागतं, त्यातले किमान १८ लाकडी पिंपात. वाइन बाटलीत जाण्याआधी सालावर शिक्का मारून टाकण्याची गरज आपल्याला नाही.

या अंकापासून आमच्या चाचणीच्या पानांवर सालाला स्वतंत्र गुण नसतील. त्याऐवजी प्रत्येक बाटलीसोबत गाव, बाग, त्या वर्षी गाळलेल्या वाइन आणि दुसऱ्या दिवशीची चव यांची नोंद असेल. आयातदारांनी नमुने पाठवताना ही माहितीही पाठवावी, आणि ज्यांच्याकडे २०१४ची बार्बारेस्को पडून आहे त्यांनी ती आधी पाठवावी.