ट्रॉली ओढणाऱ्या गाडीचे बूड का दबते?

बोनकोडे, कोपरखैरणे, पावणे भागात पिकअपमागे जनरेटर वा वेल्डिंग सेटची ट्रॉली ओढणारे आपले बांधव आहेत. गाडीचे बूड दबले की कमानीत जादा पाटा घालून मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. पाट्याने बूड उचलते, पण पुढच्या चाकांवरचा गेलेला भार परत येत नाही. स्टिअरिंग हलकेच राहते, ब्रेकही नीट धरत नाही. (पावसात तर विचारूच नका.)

हा भार पुढे ढकलणारे हूक असते. त्याचे दोन स्प्रिंगचे दांडे साखळीने ट्रॉलीच्या चौकटीला ताणतात. मात्र आधी वजनकाटा गाठा. भरलेली ट्रॉली 1000 किलोची, तर हुकावर 100 ते 150 किलो यावेत. दांडेही तेवढ्याच भाराचे घ्या. भार कमी असेल तर ट्रॉली डुलते, तेव्हा जनरेटरच पुढे सरकवा.

ट्रॉली जोडण्यापूर्वी व नंतर पुढच्या मडगार्डची जमिनीपासून उंची मोजा. वाढलेली उंची निदान निम्मी उतरेपर्यंत साखळी ताणा, मूळ उंचीखाली नको. गाडीची ओढण्याची क्षमता याने वाढत नाही, दुकानदार काहीही सांगो.