बोटाला दोर गुंडाळू नका

सुट्टीच्या दिवशी बावधनहून पिरंगुटमार्गे मुळशीच्या बाजूला गळ घेऊन जाणारे आपले काही बांधव दोर बोटाला गुंडाळून बसतात. मोठ्या माशाने हिसका दिला की नायलॉन मांसात रुततो. हात हेच तर आपले भांडवल!

थंड देशांत गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात. तिथे वाकवलेली काठी खटक्यात अडकवतात. माशाने ओढले की खटका सुटतो, काठी उसळते, गळ जबड्यात बसतो. आपले घुंगरू नुसते वाजते, ओढायचे आपल्यालाच. पण लवचिक बांबूला खटका करणे अवघड नाही.

मात्र काठी लावून दूर जाऊ नये. कासव अडकल्यास सोडून द्यावे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. लहान मुलांना उसळत्या काठीपासून लांब बसवावे, गळ डोळ्यात जातो.