हरवलेली ॲनी

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्या पणजोबांचं नाव काय? आणि त्यांच्या वडिलांचं, म्हणजे खापरपणजोबांचं? अडलात ना! वाईट वाटून घेऊ नका, तुमचे बाबासुद्धा बहुधा इथेच अडतील. मग सगळे मिळून आजीकडे जाल. ती नाव तर सांगेलच, शिवाय ते किती तापट होते तेही सांगेल!

पण समजा, अशी सांगणारी आजी नाही. घर नाही, गावाचं नावही ठाऊक नाही. मग काय कराल?

आयर्लंडमधून बाहेर पडलेल्या माणसांच्या नातवंडा-पतवंडांपुढे नेमका हाच प्रश्न असतो. १८४५ साली त्या देशात बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं पोट बटाट्यावरच चालायचं. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि रोगराईनं गेली. तेवढीच, किंबहुना त्याहून जास्त, जहाजात बसून देश सोडून गेली. कुणी अमेरिकेला, कुणी कॅनडाला, कुणी थेट ऑस्ट्रेलियाला. पुढेही कितीतरी वर्षं हा ओघ थांबला नाही. आज त्यांचे वंशज कोट्यवधी आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : आपली माणसं मूळची कुठली?

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं! सरकारी दप्तर उघडायचं आणि बघायचं. पण इथेच तर खरी गंमत आहे. गंमत कसली, दुःखच म्हणायला हवं. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या लढाईत, डब्लिन शहरातला सरकारी दफ्तरखाना स्फोटानं उडाला आणि पेटला. शेकडो वर्षांचे कागद जळाले. जळक्या कागदांचे कपटे वाऱ्यावर उडत शहरभर पडले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे थोडेसे तुकडे तेवढे वाचले.

बरं, नंतरच्या जनगणनांचं काय? १८६१ आणि १८७१ च्या याद्या सरकारनं स्वतःच नष्ट केल्या होत्या. १८८१ आणि १८९१ च्या याद्यांचा पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई पडली तेव्हा लगदा केला! म्हणजे पूर्ण हाती लागते ती थेट १९०१ ची जनगणना. तोवर लाखो माणसं देश सोडून गेलेली. (जुने कागद रद्दीत घालायला निघालेल्या मोठ्या माणसांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.)

तरीही काही धागे उरले. कॅथलिक चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या गावोगावच्या चर्चमध्येच असल्यानं बऱ्याचशा वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं २०१५ साली त्यांची छायाचित्रं इंटरनेटवर सर्वांसाठी मोफत खुली केली. १९०१ आणि १९११ च्या जनगणनाही अशाच मोफत बघता येतात. शिवाय रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या गृहस्थांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात देशभरातल्या जमिनींची आणि घरांची मोजदाद झाली होती. कर बसवायला केलेली ती यादी आता पणजोबा शोधायला उपयोगी पडते.

पण यादी मिळाली म्हणजे माणूस मिळाला असं नाही हं! आयर्लंडमध्ये आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत होती. थोरल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. चार भावांनी आपापल्या थोरल्याला एकच नाव ठेवलं, की एकाच गावात चार पॅट्रिक सलिव्हन! त्यातून आडनावं बदलत गेलेली. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. पण इंग्रजी अमलात पुष्कळांच्या नावांतले हे ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून गेले. कारकुनांनी कानावर पडेल तसं लिहिलं. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन तऱ्हेनं लिहिलेली सापडतात.

म्हणून नुसतं नाव पुरत नाही, वस्ती ठाऊक हवी. आयर्लंडमध्ये ‘टाऊनलँड’ नावाचे जमिनीचे छोटे छोटे भाग आहेत, आपल्या वाडीएवढे म्हणा ना. त्यांची संख्या साठ हजारांच्या वर! आणि परदेशी गेलेल्या माणसाच्या कागदावर बहुतेक वेळा काय लिहिलेलं असतं? ‘जन्मठिकाण : आयर्लंड.’ संपलं!

इथे मदतीला येतात ते लांबचे नातेवाईक. किती लांबचे? सख्ख्या चुलत-मामे भावंडांचे आजी-आजोबा एकच असतात. त्याच्या पुढच्या फळीत पणजोबा एकच, आणि त्याच्याही पुढे खापरपणजोबा एकच. ही माणसं एकमेकांना ओळखतही नसतात. पण देश सोडताना भावंडं पांगली, तशा घरातल्या वस्तूही पांगल्या. बोस्टनच्या घरात जुनं पाकीट, त्यावर वाडीचं नाव. मेलबर्नच्या घरात धर्मग्रंथाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा. कुठल्यातरी दफनभूमीतल्या दगडावर कोरलेलं जन्मगाव. आयर्लंडमध्ये मागे राहिलेल्या भावाच्या पणतूला तर ते पडकं घरही ठाऊक असतं. एकेकाकडे एकेक तुकडा! इंटरनेटमुळे हे तुकडे एकत्र येऊ लागले. कुणी लाळेची चाचणी करून नातं जुळवतं, कुणी आडनाव आणि परगणा लिहून हाक मारतं. (एक पथ्य मात्र ही मंडळी पाळतात. गेलेल्या माणसांची माहिती मोकळेपणानं देतात, पण हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते असे चारचौघांत मांडत नाहीत.)

आता या सगळ्याची एक खरी गोष्ट सांगतो.

१ जानेवारी १८९२. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाच्या बेटावर परदेशातून येणाऱ्यांसाठी नवं केंद्र उघडलं. तिथे सगळ्यांत पहिलं पाऊल टाकलं ते कॉर्क परगण्यातून आलेल्या ॲनी मूर या मुलीनं. ‘नेवाडा’ जहाजातून ती अँथनी आणि फिलिप या धाकट्या भावांना घेऊन आली होती. आईवडील आधीच न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. पहिली आली म्हणून ॲनीला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं मिळालं. वर्तमानपत्रांत नाव छापून आलं. आणि मग ती गर्दीत नाहीशी झाली.

पुढे कित्येक वर्षं सगळे सांगत, की ॲनी टेक्सासला गेली आणि १९२३ साली तिथे ट्रामखाली सापडून वारली. त्या टेक्सासच्या ॲनीच्या वंशजांना समारंभांना मानानं बोलावत. त्यांनी काही लबाडी केली नव्हती. त्यांच्या घरात ती गोष्ट तशीच सांगितली जात होती. पण मेगन स्मोलेन्याक नावाच्या वंशावळ-संशोधक बाईंनी कागद तपासले, तर काय! ती ॲनी मुळी आयर्लंडची नव्हतीच. अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात जन्मली होती!

मग खरी ॲनी कुठे गेली? २००६ साली मेगनबाईंनी इंटरनेटवर जाहीर केलं, की जो पुरावा देईल त्याला एक हजार डॉलर बक्षीस. हौशी शोधक कामाला लागले. न्यूयॉर्क शहराच्या दफ्तरखात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन यांना धाकट्या फिलिपचा नागरिकत्वाचा कागद मिळाला. त्या कागदावरून माग फिलिपच्या वंशजांपर्यंत गेला, आणि काही आठवड्यांतच कोडं सुटलं!

ॲनी कुठेच गेली नव्हती. बंदरापासून जवळच, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतच तिनं सारा जन्म काढला. एका जर्मन बेकरीवाल्याच्या मुलाशी तिचं लग्न झालं. पुष्कळ मुलं झाली, त्यांतली बरीचशी लहानपणीच गेली. १९२४ साली ती वारली. वर्तमानपत्रांनी तिला आगमनाच्या वेळी पंधरा वर्षांची म्हटलं होतं. तेही चूक. कॉर्कच्या नोंदींप्रमाणे ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

तिचे आणि भावाचे वंशज सप्टेंबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला एकत्र जमले. एव्हाना त्यांच्यात नाना देशांची आडनावं आली होती.

आणि ॲनीची कबर? तीही सापडली, क्वीन्स भागातल्या कॅल्व्हरी दफनभूमीत. तिच्यावर नावाचा साधा दगडसुद्धा नव्हता. ११ ऑक्टोबर २००८ रोजी तिथे क्रूस उभा राहिला. त्याच्यासाठी निळसर दगड मुद्दाम आयर्लंडहून आणला होता.