सट्टा, गणित आणि आपली मुले

सुरतेत जरीपासून हिऱ्यापर्यंत सगळे हिशेब लोक तोंडी करतात. सट्ट्याचा हिशेब मात्र तोंडी होत नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या शंभर किरकोळ लोकांपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींवर! नफा गेला मुख्यतः संगणकाकरवी व्यवहार करणाऱ्या बड्या संस्थांकडे. त्यांच्या पदरी संभाव्यतेचे शास्त्र शिकलेली माणसे असतात. ऑप्शनची किंमत काढण्याचे ब्लॅक-शोल्स सूत्र १९७३ पासून छापील आहे, कोणीही वाचावे. पण ते उमगायला पदवीनंतरचा अभ्यास लागतो.

आपल्यातील अनेक घरे मूळची खानदेशातली. चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या देणगीची नोंद करतो. 'लीलावती'त व्याजाची उदाहरणेही आहेत. त्याच मातीतली आपली मुले गणितात बी.एस्सी. होऊन शिकवण्या धरतात, नाहीतर (हे अधिक वाईट) मोबाईलवर 'टिप्स' शोधत बसतात.

मते मागायला हात जोडून येणाऱ्यांकडे आपण नळ-गटार मागतो. ते मागावेच. पण नर्मद विद्यापीठात गणित आणि वाणिज्य विभागांनी मिळून वित्तीय गणिताचे पदव्युत्तर वर्ग चालवावेत, गरजू मुलांना शिष्यवृत्ती मिळावी, हेही यंदा लेखी मागू. तोवर मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दोन मुलांची फी भरावी. रोषणाई थोडी कमी झाली तरी बाप्पा रागावणार नाहीत.