कयाकच्या तळाला भोक पाडू नका

कयाकच्या तळाला ड्रिल लावणारा माणूस अडाणी आहे, आणि त्याला तसं करायला सांगणारा विक्रेता लबाड आहे. दोघांनाही हे तोंडावर सांगायची वेळ आली आहे.

तापीवरच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला जाणारे, परवानगी काढून गळ टाकणारे असे आम्ही काही लोक प्लॅस्टिकच्या कयाक वापरतो. त्यात आता फिश फाइंडर, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचं दाखवणारं यंत्र, बसवायचं वेड आलंय. वेडाला माझी हरकत नाही. पाण्याखाली काय आहे ते कळलंच पाहिजे. हरकत आहे ती बसवण्याच्या पद्धतीला. कोणी तळाला आरपार भोक पाडून ट्रान्सड्यूसर बाहेर काढतो, कोणी काठाला स्क्रूने लोखंडी हात ठोकतो, आणि कोणी आतल्या बाजूला एम-सीलचा गोळा थापून वर म्हणतो, "भाऊ, चालतं ना!" नाही चालत. पडद्यावर आकडा दिसला म्हणजे यंत्र चाललं, हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा.

ट्रान्सड्यूसरच्या आत एक चकती असते. २०० किलोहर्ट्झवर ती सेकंदाला दोन लाख वेळा थरथरते, ध्वनी खाली सोडते आणि तळावरून परत आलेला ऐकते. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, म्हणजे दहा मीटर खोल तळाला शिवून यायला त्याला सेकंदाचा ७५ वा भाग पुरतो. या ध्वनीला पाणी चालतं, पॉलिथिनही बऱ्यापैकी चालतं. कयाकचा पाच-सहा मिलिमीटर जाड तळ तो थोडी ताकद गमावून पार करतो. त्याला चालत नाही ती फक्त हवा. केसाएवढा हवेचा थर मधे आला की जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो. सोनोग्राफी करताना पोटाला जेल लावतात ते याचसाठी. थर्माकोलवर बसवलेला ट्रान्सड्यूसर मुका होतो, कारण थर्माकोल म्हणजे बहुतांशी हवाच. घाईघाईत मळलेल्या एम-सीलमध्ये किंवा सिलिकॉनमध्ये बुडबुडे अडकले तर त्याचीही तीच गत.

तेव्हा भोक पाडायचं कारणच उरत नाही. आणि आतून बसवणं हा कुणा कारागिराचा शोध नाही. एअरमार कंपनीचा पी७९ हा ट्रान्सड्यूसर फायबरग्लासच्या बोटींसाठी असाच बनवलाय: तळाला आतून कडं चिकटवायचं, त्यात द्रव भरायचा आणि ट्रान्सड्यूसर त्या द्रवात बसवायचा. जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधणारं यंत्र बाजारात आणलं, तेव्हापासून ट्रान्सड्यूसर आणि पाणी यांच्यामध्ये हवा येऊ न देणं हाच या धंद्याचा पहिला नियम आहे. हे ठाऊक असूनही जो विक्रेता गिऱ्हाइकाला भोक पाडायला लावून वर सील आणि ब्रॅकेट विकतो, त्याला मी लबाड म्हणालो ते उगाच नाही.

मला खरा राग येतो तो आमच्याच माणसांचा. हा पाइपांचा आणि ठिबकचा जिल्हा. जळगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, पीव्हीसी पाइप सोल्युशनने जोडतात आणि एचडीपीईचा पाइप सोल्युशनने नाही, तापवून जोडतात, हे तो झोपेतही सांगेल. कारण पॉलिथिनला डिंक धरत नाही. कयाकही त्याच कुळातल्या प्लॅस्टिकची. मग शेतात कधी न केलेला मूर्खपणा कयाकमध्ये का करता? अराल्डाइटचा थर दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो आणि दोष यंत्राला दिला जातो. घरी बनवलेलं म्हणजे कसंही बनवलेलं, हा अर्थ ज्यांनी लावला त्यांनी घरी काम करणाऱ्या प्रत्येक कारागिराची अब्रू घालवली आहे.

परदेशातून उचललेले सल्ले इथे आंधळेपणाने वापरणारे तर आणखी वाईट. कुणी सांगतो मेण लावा, कुणी सांगतो व्हॅसलीन भरा. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. उन्हात पडलेल्या कयाकच्या पोटात त्याहून जास्त तापतं. तिथे व्हॅसलीन वितळून वाहून जातं आणि त्याच्या जागी हवा येऊन बसते. थंड देशातला उपाय तापीकाठी आणताना थर्मामीटर बघायला नको?

आमच्यासाठी उपाय एकच, आणि तो केळीच्या बागेत रोज दिसतो. आळं करा. बंद पेशींचा ईव्हीए फोम घ्या, जाड योगा मॅटचा चालेल. दोन-तीन थर चिकटवून ठोकळा करा आणि मधे ट्रान्सड्यूसर घट्ट बसेल अशी खाच कापा. जागा सीटच्या मागे किंवा पायांच्या मधे, जिथे तळ सपाट आहे, एकच पदर आहे आणि जो भाग कायम पाण्याला टेकलेला असतो. तळ पॉलिश पेपरने खरवडा, स्पिरिटने पुसा, ते पूर्ण उडून गेल्यावरच गॅसच्या ज्योतीचा एक झपका फिरवा. फक्त झपका, प्लॅस्टिक मऊ पडता कामा नये. ज्योतीने पृष्ठभाग बदलतो आणि चिकटवण बरीच पकडते. मग लवचिक चिकटवणीने ठोकळा बसवा, कडेने गळती बंद करा. पाण्यावर गेलात की आळ्यात दोन घोट पाणी ओता, ट्रान्सड्यूसर तिरपा करून बुडवा म्हणजे खालचा बुडबुडा निघून जाईल, आणि मग सरळ दाबा. घरी आल्यावर काढून ठेवा. चिकटवणीवर ओझं नाही, तळाला भोक नाही, वितळण्यासारखं काही नाही. प्लॅस्टिक वेल्डिंगवाल्याकडे मात्र जाऊ नका. पाइपाला सोसणारी आच कयाकच्या तळाला सोसत नाही.

ट्रान्सड्यूसर ओळंब्यात हवा, तोही तुम्ही आत बसलेले असताना, कारण तुमच्या वजनाने कयाक मागे झुकते. दहा अंश कललेला ट्रान्सड्यूसर दहा मीटर खोलीवर पावणेदोन मीटर बाजूचं दाखवतो. २०० किलोहर्ट्झचा झोत साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे त्याच खोलीवर तो साडेतीन मीटर रुंदीचं वर्तुळ बघतो. त्यात निम्म्याची चूक आधीच घालून ठेवली तर मग बघायचं काय? वीज पुरवायला यूपीएसची १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी भरपूर झाली. फ्यूज मात्र टाळू नका.

या पद्धतीला मर्यादा आहेत. तापमान पाण्याचं न दाखवता कयाकच्या पोटातलं दाखवलं जाईल. ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झची ती फोटोसारखी चित्रं प्लॅस्टिकमधून धड येणार नाहीत. ज्याला ती हवीत त्याने बाहेरचा हात लावावा. पण मग हतनूरमध्ये भोई बांधवांची जाळी असतात, हे आधी लक्षात घ्यावं. पाण्याखाली लोंबणारा लोखंडी हात त्यांचं जाळं फाडतो, आणि ते जाळं म्हणजे एका घराची कमाई असते. हौसेसाठी दुसऱ्याचं जाळं फाडणाऱ्याला पाण्यावर जायचा हक्क नाही. हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

"एवढं काटेकोर कशाला, मासे तर दिसतात," असं म्हणणाऱ्यांनी गिरणा नदीचं पात्र आठवावं. वाळू उपशाने पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यात पोरं बुडतात. खोलीचा चुकीचा आकडा हा आकडा नसण्यापेक्षा घातक, कारण माणूस त्याच्या भरवशावर पाय खाली सोडतो.

आणि हतनूरमध्ये तर मासा हा दुय्यम प्रश्न आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. ती अमरावती, अकोला, बुलढाण्याची काळी माती घेऊन येते आणि ती माती धरणात बसते. ४१ दरवाजे उघडले तरी ती सगळी जात नाही. नाशिकची मेरी ही सरकारी संशोधन संस्था जलाशयांच्या गाळाची सर्वेक्षणं करते, उपग्रहाच्या चित्रांवरूनही करते. पण उपग्रहाला पाण्याचा पसारा दिसतो, पाण्याखालचा तळ नाही. तो तुमच्या मांडीजवळच्या पडद्यावर दिसतो, आणि तुम्ही त्याकडे कटला आहे की मरळ एवढंच शोधायला बघता. २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या वरच्या थरावरून परततो. शेजारी दोराला वजन बांधून सोडा, ते गाळात रुतून आणखी खाली जातं. तो फरक म्हणजे मऊ गाळाचा अंदाज. कठीण तळावर मात्र दोर आणि यंत्र जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर आळ्यात हवा आहे, तिथूनच घरी परत या आणि काम पुन्हा करा.

ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना माझी मागणी आहे: दर मे महिन्यात ठरलेल्या चार-पाच जागी खोली मोजा, दोराने पडताळा, वहीत लिहा आणि ती वही मच्छीमार सोसायटीला वाचायला द्या. रोज त्या पाण्यात उतरणाऱ्यांचा त्यावर पहिला हक्क आहे. सोबत तारीख आणि त्या दिवशीची धरणाची पाणीपातळी लिहा. पातळीशिवाय लिहिलेला खोलीचा आकडा कोणाच्याही उपयोगाचा नाही.